हॉलिस्टर गैरहजर

१

दसऱ्याच्या सकाळी शांतारामने टेपरेकॉर्डर उघडला आणि आत कॅसेट नव्हती.

त्या कॅसेटमध्ये माझ्या बायकोचा आवाज होता. दुसरीकडे तो कुठेच नव्हता. आमच्याकडे फोटो पुष्कळ आहेत, लग्नापासूनचे. आवाज एवढाच. सुचेता होळीच्या आधी गेली. तेव्हापासून मी ती कॅसेट एकदाही ऐकली नव्हती. मंडळाच्या नाटकाचं निवेदन त्यात होतं, पण तालमींनाही मी बाहेरच्या कट्ट्यावर बसायचो, आणि टेप सुरू झाला की रस्त्यापर्यंत चालत जायचो. पण कॅसेट आहे, शांतारामकडे नीट आहे, एवढ्यावर माझे दिवस चालले होते.

आम्ही पिपलानीतल्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये होतो. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तिथे शस्त्रपूजा झाली होती. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये तलवारी कुणाकडे असणार? आम्ही आपापली हत्यारं मांडतो. डबीतून काढलेला माझा मायक्रोमीटर, सेक्रेटरी सुधाकर केळापुऱ्यांचा टाइपरायटर, कुणाच्या पटाश्या, कुणाचा तबला. नाटक बसवणाऱ्या आणि त्यात मुख्य काम करणाऱ्या वसंत चिखलीकरची मेकअपची पेटी, पट्टा आवळलेली. आणि शांतारामचा टेप. एकदा हळदकुंकू लागलं की दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी कशाला हात लावत नाही. आज उत्तरपूजा झाली होती आणि जो तो आपलं उचलत होता.

शांतारामने बटण दाबलं, तर टेपचं झाकण अडकलं. त्याने नख घातलं. वाळलेल्या कुंकवाचा पापुद्रा सुटून खाली पडला, झाकण वर आलं, आणि तो तसाच बघत राहिला.

"दादा," तो मला म्हणाला, "कसम से, कल इथेच होती. रिहर्सल संपली, कॅसेट आतच. चहा प्यायलो, टेप उचलला, पाटावर ठेवला. बस."

शांताराम मुलताईकडचा. कारखान्यात इलेक्ट्रिशियन. घाबरला की त्याचं मराठी अर्धं हिंदीत जातं.

"आत होती तर गेली कुठे?" केळापुरे म्हणाले. "रात्री हॉलला कुलूप होतं."

"किल्ली तर आपल्याचपाशी होती ना साहेब."

केळापुऱ्यांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात वसंता मध्ये पडला. पेटी त्याने खांद्याला अडकवली होती. "भांडू नका. नाटक उद्या आहे आणि ते होणार. निवेदन मी करीन, मला सगळं पाठ आहे. काय काशिनाथराव?"

"नाटकाचं मला काही पडलेलं नाही," मी म्हणालो. "मला कॅसेट पाहिजे."

"ती पण मिळेल हो."

मी बाहेर आलो. स्कूटरला किक मारली, ती लागेना. चार किका मारल्यावर लक्षात आलं, किल्ली फिरवलेलीच नव्हती.

२

भालचंद्र पिंपळखुटे स्टुलावर चढून दाराला झेंडूचं तोरण बांधत होते. सगळी नोकरी त्यांनी कारखान्याच्या गेटवर, सिक्युरिटीत काढली. आता रिटायर होते. टाउनशिपमध्ये काही हरवलं की लोक पोलिसांच्या आधी त्यांच्याकडे जात, कारण ते ओरडत नसत.

"स्टूल धरा आधी," ते म्हणाले. "मग बोला."

मी स्टूल धरून सगळं सांगितलं.

"नवी कॅसेट कोपऱ्यावर मिळते," ते वरून म्हणाले. "म्हणजे वस्तूसाठी कुणी नेली नाही. एक तर कुणाला नाटक नको होतं, नाही तर तो आवाज नको होता. नाटक कशावर आहे म्हणालात? अमेरिकन वकील?"

मग मला तेही सांगावं लागलं. क्लबच्या लायब्ररीने जुनी इंग्रजी पुस्तकं काढून टाकली, त्यातलं एक जाड पुस्तक सुचेता घरी घेऊन आली होती. एझ्रा हॉलिस्टर नावाच्या वकिलाचं चरित्र. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या एका छोट्या राज्यात तो वकिली करायचा. तेव्हा तिथे लग्न झालं की बाईची मिळकत नवऱ्याची व्हायची, आणि नवरा मेला की सासरचे तिला बाहेर काढायचे. हा माणूस अशा विधवांचे खटले फी न घेता लढला. पुढे राज्याच्या विधानसभेत निवडून गेला आणि बाईची मिळकत बाईचीच राहावी असं बिल त्याने आणलं. भाषण असं केलं की गॅलरीतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. तरी बिल एका मताने पडलं.

सुचेताने त्यावर नाटक लिहायला घेतलं तेव्हा मी तिला म्हणालो होतो, "पिपलानीत हे कोण बघणार?" ती म्हणाली, "पिपलानीत बायका नाहीत का?"

"मग यात कुणाला खुपण्यासारखं काय?" पिंपळखुट्यांनी विचारलं.

"शेवट. आधी तिने शेवट भाषणावर केला होता. टाळ्या आणि पडदा. मग आजारपणात पुस्तक पुन्हा वाचताना तिला काही तरी दिसलं. एका प्रकरणात लिहिलंय, मतदानाच्या दिवशी हॉलिस्टर तापाने अंथरुणात होता. पुढे कुठे तरी त्याच तारखेला तो दुसऱ्या गावच्या कोर्टात उभा आहे. रेल्वे कंपनीचा वकील म्हणून. चरित्र लिहिणाऱ्याच्या ते लक्षात आलं नव्हतं."

"तुमच्या बायकोच्या आलं."

"तिने शेवट बदलला. सभागृहात नावं पुकारतात. त्याची खुर्ची रिकामी. तीनदा नाव येतं, आणि निवेदनातलं शेवटचं वाक्य, हॉलिस्टर गैरहजर. हे सगळं तिच्याच आवाजात भरलेलं आहे."

पिंपळखुटे खाली उतरले. "हा शेवट कुणाला आवडला नव्हता?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो.

३

केळापुरे जेवायला बसत होते. आम्हाला बघून त्यांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली.

माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. दारातूनच मी म्हणालो, "कॅसेट द्या."

"अहो बोरीकर, काय बोलताय काय?"

"तुम्हाला हे नाटक नको होतं. तुम्हाला विनोदी पाहिजे होतं. किल्ली तुमच्याकडे."

"नको होतं! आजही नको आहे! सणाचे दिवस, लोक पोराबाळांना घेऊन येणार आणि शेवटी तुमचा हिरो पळून जाणार. हे मी मीटिंगमध्ये सर्वांसमोर बोललोय. मिनिट्समध्ये आहे. जे मी मिनिट्समध्ये घालतो ते चोरून कशाला करीन?"

आतून त्यांच्या बायकोचं हसू ऐकू आलं. मला मात्र त्यांची कॉलर धरावीशी वाटत होती. पिंपळखुट्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"केळापुरेसाहेब, काल पूजेनंतर तुम्ही कुठे गेलात?"

"घरी. जेवायला. दुपारी हॉलमध्ये बायकांचा भोंडला होता. त्यांनी चटया, खुर्च्या, पडदे, सगळं इकडचं तिकडे केलं. कोनाड्यात खिरापतीचे डबे. संध्याकाळी मी येऊन आवरलं, झाडून घेतलं आणि कुलूप लावलं."

"पूजेला भोंडल्यात कुणी हात लावला?"

"पूजेला कोण हात लावेल?"

तिथून आम्ही शांतारामकडे गेलो. तो क्वार्टरच्या पायरीवरच बसला होता. त्याने काही खाल्लं नव्हतं.

"पुसली गेली का तुझ्याकडून?" पिंपळखुट्यांनी सरळ विचारलं. "चुकून रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं गेलं, भीती वाटली आणि लपवलीस. तसं असेल तर आत्ता सांग. कुणी मारणार नाही."

"नाही साहेब. पोरांची शपथ. भाभींनी स्वतः माझ्या हातात दिली होती ती." तो माझ्याकडे बघत नव्हता. "रिहर्सल झाली, बाहेर चहा आला. मी बाहेर गेलो. टेप स्टेजवर होता. येऊन उचलला आणि पाटावर ठेवला. झाकण उघडून बघितलं नाही, खरं सांगतो. बघायचं काय त्यात?"

"तू चहा पीत होतास तेव्हा आत कोण होतं?"

"केळापुरेसाहेब खुर्च्या मांडत होते. वसंतभाऊ कोट उतरवत होते. बाकी सगळे बाहेर."

"तरी पण गेली रात्रीच ना?" तिथून निघाल्यावर मी म्हणालो. "आणि रात्री किल्ली..."

पिंपळखुटे चालता चालता थांबले. "रात्री गेली, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

४

पूजा रत्नप्रभाबाई करतात. नवरा गेल्यापासून त्या एकट्या राहतात, आणि मंडळातल्या सगळ्यांना अरेतुरे करतात. मी कधी नव्हे तो त्यांच्याकडे आलो म्हणून त्या खूश झाल्या. मग माझा चेहरा बघून त्यांनी नुसतीच खुर्ची पुढे केली.

"काकू, काल टेपला कुंकू कसं लावलंत?" पिंपळखुट्यांनी विचारलं.

"कसं म्हणजे? कालवून. कोरडं मशीनवर राहत नाही, घसरतं. झाकणावर स्वस्तिक काढलं चांगलं मोठं. दोन पाय झाकणाच्या बाहेर गेले."

"आत कॅसेट होती?"

"ते काळं झाकण. आतलं मला कुठलं दिसतंय?"

पिंपळखुटे माझ्याकडे वळले. "बोरीकर, आज सकाळी झाकण सहज उघडलं?"

"नाही. अडकलं होतं. कुंकवाचा पापुद्रा..."

"रात्री कुणी झाकण उघडलं असतं तर तो पापुद्रा रात्रीच तुटला असता. कुंकू लागल्यापासून आज सकाळपर्यंत ते झाकण उघडलेलंच नाही. कॅसेट पूजेच्या आधी गेली. शांताराम चहा पीत होता तेव्हा."

माझ्या डोक्यात दोन नावं उरली. केळापुरे आणि वसंता. वसंताचा मी विचारच केला नव्हता. तो पूजा झाल्यावर पळतच सेकंड शिफ्टच्या बसमध्ये चढला होता. रात्री तो कारखान्यातून घरी गेला, हॉलला कुलूप होतं. सकाळपासून त्याला कुणी काही विचारलंही नव्हतं.

"काकू, अजून काही वेगळं दिसलं का पूजेत?"

"वेगळं काही नाही. त्या वसंतावर तेवढी चिडले मी. हत्याराला कुंकू लावायचं असतं की पेटीच्या झाकणाला? प्रत्येकाने आपलं काढून ठेवलंय, उघडं, आणि हा पट्टा आवळून पेटी ठेवतो. दरवर्षी ब्रश आणि रंग ताटलीत मांडायचा. म्हटलं, उघड रे. तर म्हणे, काकू, पावडर सांडेल, माझी बस सुटेल."

पिंपळखुटे उठले. "चला," ते मला म्हणाले. "आणि गाडी मी चालवतो."

५

बाहेर लोक सोनं वाटत फिरत होते. दोघांनी मला थांबवून हातात आपट्याची पानं दिली. मी ती मुठीत तशीच धरून मागच्या सीटवर बसलो.

"केळापुऱ्यांनी घेतली असती," पिंपळखुटे पुढून मोठ्याने बोलत होते, "तर खिशात घालून घरी नेली असती. शांतारामने सुद्धा. वसंता घरी जाणार नव्हता. गेटवर जाणार होता. तिथे मी आयुष्य घालवलंय. डबे उघडतात, खिसे चाचपतात. बाहेरची कॅसेट आत नेता येत नाही, नोंद होते, प्रश्न विचारतात. म्हणजे त्याला ती हॉलमध्येच ठेवणं भाग होतं. आणि दुपारी भोंडला. काय कुठे हललं असतं सांगता येत नाही. हात लागणार नाही अशी एकच जागा होती."

"पूजा."

"पण पूजेत सगळं उघडं ठेवायची पद्धत. तिथे त्याची अडचण झाली. बंद पेटी ठेवावी लागली आणि ती काकूंच्या नजरेत आली."

मला सकाळ आठवली. नाटक होणारच, मला पाठ आहे, ती पण मिळेल हो. सगळे हबकलेले असताना एकटा तोच पुढचं बोलत होता.

"पुसली असेल का?" मी विचारलं.

त्यांनी वळणावर हॉर्न दिला. मी पुन्हा विचारलं. स्कूटरच्या आवाजात त्यांना ऐकू आलं नसेल, किंवा आलं असेल.

वसंताचं क्वार्टर पहिल्या मजल्यावर. जिन्यात मी पुढे होतो. अर्ध्या जिन्यात मी थांबलो आणि मागून येणारे पिंपळखुटे माझ्यावर आदळले.

बंद दाराआडून सुचेता बोलत होती.

शब्द कळत नव्हते. पण कुठे ती श्वास घेते, कुठे थांबते, ते कळत होतं. बेल माझ्या हाताशी होती. मी ती दाबू शकलो नाही. दाबली तर ती गप्प झाली असती.

शेवटी पिंपळखुट्यांनी दाबली. आत खट्ट झालं आणि आवाज गेला.

दार वसंताच्या बायकोने, सुलभाने उघडलं. आम्हाला बघून ती बाजूला झाली आणि आत वळून म्हणाली, "आले बघा. मी सांगत होते ना तुम्हाला."

वसंता जमिनीवर बसला होता. समोर टेप, शेजारी वही. तो तिचं निवेदन ऐकून पाठ करत होता, सकाळी म्हणाला तसं ते पाठ नव्हतंच.

"चोरी म्हणू नका काशिनाथराव," तो म्हणाला. "परवा आणून देणार होतो. देवाशप्पथ. मी काही पुसलेलं नाही. ती तुमचीच आहे. फक्त उद्या स्टेजवर नको होती."

"शेवटासाठी?"

"कधीपासून मी तो कोट घालून उभा राहतोय. तुम्हाला माहीत नाही, माझ्या आईला दिरांनी घराबाहेर काढलं तेव्हा मी तिचा हात धरून ओसरीवर उभा होतो. अख्ख्या अकोला जिल्ह्यात तिच्या बाजूने बोलायला एक वकील मिळाला नाही. वहिनींनी मला तो मिळवून दिला. भाषण म्हणताना मला वाटतं, मी आईसाठी बोलतोय. आणि मग त्यांनीच शेवटी त्याला पळवून लावला. हे मी करू? आई पुढच्या रांगेत बसणार आहे उद्या."

मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या. दिवसभर मी त्या गोळा करत फिरलो होतो.

"तिने नाही पळवला," मी म्हणालो. "तो गेलाच होता. आणि तुझ्या आईच्या वेळी कुणी आलं नव्हतं म्हणतोस ना? तेच तर लिहिलंय तिने."

त्याने वही मिटली. मग टेपमधून कॅसेट काढून त्याने माझ्या हातात दिली. ती गरम होती.

"आता रिपोर्ट करा," तो पिंपळखुट्यांना म्हणाला.

"मी रिटायर झालोय. सुलभाताई, पाणी द्या."

"नाटक करू आपण कॅसेटवरच," वसंता म्हणाला. "पण एक सांगून ठेवतो. शेवटी खुर्ची सोडून मला जाता येणार नाही. तालमीत जात होतो, पण आईसमोर नाही जमणार. तुम्ही काय करायचं ते करा."

६

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. आदल्या संध्याकाळी रावण बघून आलेली पोरं अजून त्याच्याबद्दलच बोलत होती. केळापुरे दारात उभे राहून सगळ्यांना नमस्कार करत होते, मलाही केला. मी मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. खुर्ची दिली होती, बसवत नव्हतं.

तिचा आवाज सुरू झाला तेव्हा मी या वेळी बाहेर गेलो नाही. शर्टाचं बटण पिळत उभा राहिलो, ते तुटून हातात आलं.

वसंताने भाषण असं केलं की खरोखरच दोन-चार बायका उभ्या राहिल्या. पुढच्या रांगेत त्याची म्हातारी आई पदराने डोळे पुसत होती. टाळ्या थांबल्या. आता सुचेताच्या शेवटाप्रमाणे त्याने हॅट उचलून निघून जायचं होतं. तो गेला नाही. खुर्चीत जाऊन बसला आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून समोर बघू लागला.

टेप कुणासाठी थांबत नाही. सुचेता सभासदांची नावं पुकारू लागली. स्टेजवरची माणसं एकेक करून हो, नाही म्हणत होती.

"एझ्रा हॉलिस्टर."

वसंता बसलेलाच. टेपच्या पेटीमागून शांताराम मान वर करून माझ्याकडे बघत होता. त्याला वाटत होतं मी काही करीन.

"एझ्रा हॉलिस्टर."

पुढच्या रांगेतून त्याची आई मोठ्याने म्हणाली, "बोल ना रे, हो म्हण!"

लोक हसले. वसंताने तिच्याकडे बघितलं, खूप वेळ. मग तो उठला. हॅट घेतली नाही. विंगेत गेला नाही. स्टेजच्या पायऱ्या उतरून, आईच्या समोरून, मान खाली घालून, लोकांच्या मधून चालत माझ्या शेजारच्या दाराने बाहेर पडला. हसू कुठल्या कुठे गेलं होतं. म्हातारी वळून त्या दाराकडे बघत राहिली.

"एझ्रा हॉलिस्टर," सुचेता म्हणाली. थांबली. "हॉलिस्टर गैरहजर."

रिकाम्या खुर्चीवरचा उजेड तसाच होता. टाळी नाही, काही नाही. इथे शांतारामने टेप बंद करायचा होता. पण तोही दाराकडेच बघत होता. टेपची खरखर चालू राहिली.

मग सुचेता हळू आवाजात म्हणाली, "झालं वाटतं." आणि लगेच, घरातल्या तिच्या नेहमीच्या आवाजात, "अहो! दूध बघा, उतू जातंय!"

सगळा हॉल एकदम हसला. शांतारामने धडपडत बटण दाबलं.

"बघतो," मी म्हणालो. बोलून झाल्यावर कळलं की मोठ्याने बोललो, आणि माझ्या पुढची माणसं मागे वळून बघत होती.